थीम पार्कची सहल आणि मास्क: कुठे लावायचा, कुठे सरळ काढून ठेवायचा

पुणेकराला मास्क शिकवायला जाऊ नये, हे मला मान्य आहे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा निम्मं शहर तोंडाला काहीतरी बांधून फिरत होतं. दुकानांतले मास्क संपले म्हणून हातरुमालसुद्धा चालले. दुचाकीवरचा स्कार्फ तर त्याहून जुना. कोविडच्या काळातली मास्कची सक्ती २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याला उठली. आता लावायचा तो आपल्या गरजेने. आमच्या घरी ती गरज म्हणजे सासूबाईंचा दमा. त्यांना नातवंडांबरोबर खोपोलीच्या इमॅजिकाला यायचंच होतं, तेही दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऐन गर्दीत.

पहिल्या खेपेला आम्ही सगळ्यांनी सकाळपासून मास्क चढवले आणि अकरा वाजेपर्यंत सगळ्यांचे हनुवटीवर आले. तेव्हापासून आमचा नियम साधा आहे: माणसं दाटलेली आणि हवा कोंडलेली असेल तिथे मास्क, मोकळ्यावर नाही.

आठवडाभर आधी: मास्क निवडा

स्कार्फ धुळीसाठी ठीक, पण त्याची वीण विषाणूसाठी फार सैल. ज्यांना खरंच जपायचं आहे त्यांना एन९५ घ्या. तो ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ९५ टक्के अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. भरघोस दाढीवर तो बसत नाही, हे दाढीवाल्या काकांना आधीच सांगून टाका. वॉल्व्हवाला मास्क नको. त्यातून आपला श्वास न गाळताच बाहेर पडतो, म्हणजे आपल्याला सर्दी असेल तर शेजाऱ्याचा काहीच फायदा नाही. बाकीच्यांना तीन पदरी सर्जिकल मास्क पुरतो.

घरी लावून बघा. नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत खाली आणा. एका चिमटीत दाबली की मधे टोक येतं आणि बाजूंनी फट राहते. चष्म्यावर वाफ आली तर हवा वरून निसटते आहे. अशा वेळी नाकावर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि चष्मा मास्कच्या वर ठेवायचा. सासूबाईंचे कान दुखायचे, म्हणून केसांच्या पट्ट्याला दोन मोठी बटणं शिवली आणि इलॅस्टिक त्यात अडकवलं. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी एन९५ किती वेळ झेपेल हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

मुलांचं वेगळं. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती करू नये, असंच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं आणि जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं होतं. दोन वर्षांखालच्यांना तर लावूच नये. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना जमत असेल तर मोठ्यांच्या नजरेखाली लावावा, बाराच्या पुढे मोठ्यांसारखा. आधी दोन-तीन दिवस कार्टून बघताना वीस मिनिटं लावायला द्या, तिथे रांगेत रडारड होणार नाही. मूल झोपलं की मास्क काढायचा, गाडीत असो की कडेवर.

आदल्या रात्री: पिशवी

माणशी तीन मास्क. घामाने ओला झालेला मास्क नीट गाळत नाही आणि श्वासही जड होतो, म्हणून बदलावाच लागतो. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत ओल धरते. कागदी पाकीट उत्तम. आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं जपून ठेवलेली असतात, ती अखेर कामाला आली. प्रत्येकावर नाव लिहा. मी एकदा सगळे कोरे मास्क आणि वॉटर पार्कचे ओले कपडे एकाच पिशवीत कोंबले होते. संध्याकाळी कोरडा असा एकही उरला नाही.

इनहेलर मात्र लॉकरमध्ये जाणाऱ्या सॅकमध्ये नको, अंगावरच्या पर्समध्ये हवा.

प्रवासात

घरचीच माणसं आणि घरचीच गाडी असेल तर मास्क लागत नाही. एसी लावलात तर बाहेरची हवा आत येईल असा ठेवा. एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलवर मात्र काउंटरपाशी लावा.

पार्कमध्ये

खरा धोका राइडवर नाही, राइडच्या रांगेत. छपराखाली, लोखंडी कठड्यांमध्ये पाऊण-पाऊण तास खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, आणि मागचा गृहस्थ नेमका आपल्या मानेवर खोकणार. तिथे सगळ्यांनी लावायचा. डीप स्पेससारख्या बंदिस्त, अंधाऱ्या राइडमध्येही शक्य असेल तर राहू द्या.

नायट्रोवर बसताना काढा. ती उघड्यावरची, पायांखाली जमीन नसलेली कोस्टर आहे. सैल मास्क उडतो किंवा डोळ्यांवर येतो. काढताना कानाच्या दोऱ्या धरा, पुढून हात लावू नका, आणि पाकिटात घालून चेन असलेल्या खिशात ठेवा. राइडवरचे कर्मचारी काही वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका.

पाण्यात मास्क अजिबात नाही. ओलं कापड नाकातोंडाला चिकटलं की श्वास कोंडतो. भिजवणाऱ्या राइडलाही हेच.

जेवायला एसी हॉलपेक्षा बाहेरचं टेबल बघा आणि एक वाजायच्या आत जेवून घ्या. सासूबाईंना दोनदा धाप लागल्यासारखं वाटलं. दोन्ही वेळा रांग सोडली, झाडाखाली बसवलं, मास्क काढून पाणी दिलं. रांग गेली तर जाऊ द्यावी.

एक मात्र नक्की: घरात कुणाला ताप किंवा खोकला असेल तर त्याने घरी राहावं. तिकिटाचे पैसे बुडाले म्हणून मास्क लावून जाणं हा शहाणपणा नव्हे.

घरी आल्यावर

हात धुवा. एकदाच वापरायचे मास्क ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका. सॅनिटरी कचऱ्यासारखे कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा वेचणाऱ्या ताईंना पुडी उघडावी लागत नाही. लग्नपत्रिकेचंच पाकीट वापरलंत तर कुंकवाचा ठिपका त्यावर आधीच असतो. तरी पेनाने वेगळा, चांगला ठसठशीत काढा.