बाण उलटा, युरिया कमी, गाठी गायब: नववी-दहावीच्या पोरांनो, या चुका टाळा

बेळगावच्या पश्चिम भागात मी आठवी ते दहावीच्या पोरांची सायन्सची शिकवणी घेतो, आणि दरवर्षी एक गोष्ट जशीच्या तशी बघतो. ज्याच्या घरी भात आहे, रताळी आहेत, जो सुट्टीत बापाबरोबर पाठीला पंप लावून फवारणी करतो, तोच पोरगा परिसंस्था आणि शेतीच्या प्रश्नांत मार्क घालवून येतो. अभ्यास केलेला नसतो असं नाही, पण डायग्राम पाठ असतो आणि हे कुठनं आलं नि कुठं गेलं एवढं मात्र कधी विचारलेलं नसतं. खालच्या बहुतेक चुका तो एक प्रश्न न विचारल्यामुळंच होतात.

बाण

अन्नसाखळी काढा म्हटलं की निम्मी पोरं बाण उलटा काढतात. उंदीर भात खातो, म्हणून बाण उंदराकडून भाताकडे. घरात आपण "उंदरानं भात खाल्ला" असं बोलतो ना, त्यामुळं हात आपोआप तसाच वळतो. पण बाण कोण कुणावर धावून जातंय ते दाखवत नाही, ऊर्जा कुठं जातेय ते दाखवतो. भातातली ऊर्जा उंदरात गेली, उंदरातली धामणीत, धामणीतली सर्पगरुडात, म्हणून बाणाचं टोक नेहमी खाणाऱ्याच्या तोंडाकडं. आणि साखळीची सुरुवात सूर्यापासून करू नका, सूर्य हा ऊर्जेचा स्रोत झाला, पहिली कडी म्हणजे उत्पादक, हिरवी वनस्पती.

दहा टक्क्यांचा नियम, म्हणजे एका पायरीवरची साधारण दहा टक्केच ऊर्जा पुढच्या पायरीवर पोचते हा, जो रेमंड लिंडमन या शास्त्रज्ञानं 1942 मध्ये मांडला, तो सगळ्यांना पाठ असतो आणि तरीपण गणित चुकतं. का, तर पोरं पहिल्याच पायरीला दहा टक्के लावतात. सूर्याकडून पानांवर 10,00,000 ज्यूल पडले तर वनस्पतीत किती? उत्तर येतं 1,00,000. चूक. वनस्पती त्यातली साधारण 1 टक्काच पकडते, म्हणजे 10,000. दहा टक्के तिथनं पुढं: नाकतोड्यात 1,000, बेडकात 100, सापात 10. आणि राहिलेली नव्वद टक्के "वाया जाते" एवढंच लिहून मोकळं होऊ नका ओ, कुठं जाते ते लिहा. बरीचशी श्वसनात वापरली जाऊन उष्णता होऊन निघून जाते, काही भाग खाल्लाच जात नाही, काही विष्ठेतून बाहेर पडतो. म्हणूनच ऊर्जेचं चक्र असं काही नसतं, ऊर्जा एकाच दिशेनं जाते, चक्र असतं ते कार्बनचं, नायट्रोजनचं, पाण्याचं.

गाठी

गेल्या ऑगस्टमध्ये पोरांना सांगितलं, प्रत्येकानं सोयाबीनचं एक झाड मुळासकट आणा, मुळांवरच्या गाठी बघू. एका पोरीनं आणलेल्या झाडाला एक गाठ नाही. "सर, हिला गाठीच नाहीत की ओ, पुस्तकात खोटं लिवलंय." मी म्हटलं, झाड काढलंस कसं? तर बुडाला धरून ओढलं. ओढलं की बारीक मुळं मातीतच तुटतात आणि त्यांच्यावरच्या गाठीही तिथंच राहतात. मग तिच्याच शेतात गेलो, खुरप्यानं वीतभर लांबून गोल माती सोडवली, ढेकूळ तसंच बादलीत बुडवून ठेवलं, दहा मिनिटांनी माती आपोआप सुटली, आणि मोहरीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या गाठी! एक नखानं फोडली तर आत गुलाबी. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिन नावाच्या द्रव्याचा, म्हणजे गाठ कामाला लागलेली आहे. आत पांढरी निघाली तर अजून काम सुरू नाही किंवा करतच नाही, हिरवट-तपकिरी निघाली तर तिचे दिवस संपले. म्हणून हे प्रॅक्टिकल फुलं लागायच्या सुमाराला करायचं, शेंगा वाळायला लागल्यावर नाही.

दुसऱ्या एका पोराचं झाड मात्र नीट खणून काढलेलं होतं, तरी गाठी मोजून चार. विचारता विचारता कळलं, चुलत्यानं सोयाबीनला दोनदा युरिया टाकलेला. आता बघा, गाठीत राहणारे रायझोबियम जिवाणू फुकटात काम करत नाहीत, झाड त्यांना साखर देतं आणि ते झाडाला हवेतला नायट्रोजन वापरता येईल अशा रूपात देतात. मातीत आयता नायट्रोजन पडलाय म्हटल्यावर झाड कशाला साखर घालवेल? त्या पोरानं हे कारण जर्नलमध्ये लिहिलं, मला त्याचं फार कौतुक वाटलं, कारण "रिझल्ट चुकला" म्हणून दुसऱ्याचं कॉपी करण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

इथं पेपरातल्या चुका अशा: "सोयाबीन हवेतला नायट्रोजन घेतं" असं लिहितात, सोयाबीन घेत नाही, त्याच्या मुळातले जिवाणू घेतात. रायझोबियमला बुरशी म्हणतात, ते जिवाणू आहेत. आणि नायट्रोसोमोनास नि नायट्रोबॅक्टर हमखास उलटे होतात: पहिला अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट.

युरियाचं गणित

एकरी 40 किलो नायट्रोजन द्यायचा तर युरिया किती? एक गट लिहितो 40 किलो. दुसरा गट 40 ला 46 टक्क्यांनी गुणतो आणि 18.4 लिहितो. युरियात नायट्रोजन 46 टक्केच असतो, म्हणजे नायट्रोजनपेक्षा युरिया जास्तच लागणार, उत्तर 40 पेक्षा कमी आलं की तिथंच समजायचं गणित उलटं पडलंय. 40 भागिले 0.46, म्हणजे साधारण 87 किलो. आता 45 किलोचं पोतं येतं, तर जवळपास दोन पोती. डीएपी, म्हणजे नायट्रोजन नि स्फुरदाचं खत, तोसुद्धा दिला असेल तर त्याचा नायट्रोजन आधी वजा करायचा, हे कुणीच करत नाही. डीएपी म्हणजे 18:46:0, पहिला आकडा नायट्रोजनचा टक्का, त्यामुळं 50 किलोच्या पोत्यात 9 किलो नायट्रोजन येतो, राहिले 31, आणि युरिया लागतो 67 किलोच्या आसपास.

जाता जाता, घरचा शब्द पेपरात घेऊन जाऊ नका. आपल्याकडं पिकावर जे काही मारतात ते सगळं "औषध", आणि पिकाला जे काही होतं ते सगळं "रोग पडला". पेपरात तणनाशक, कीटकनाशक, बुरशीनाशक वेगळं लिहा. भातावरचा करपा हा रोग, बुरशीमुळं होतो. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी, जी भारतात पहिल्यांदा 2018 मध्ये आपल्या कर्नाटकातच सापडली, ती कीड. उसातली हुमणी पण कीड, भुंगेऱ्याची अळी, गांडुळाची पाहुणी नाही.

बरणीतली माती

हा प्रयोग सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त बिघडतो. बरणीत माती, पाणी, हलवा, ठेवा, थर मोजा. पोरं तास संपायच्या आत थर मोजतात. वाळू एक-दोन मिनिटांत बसते, गाळाला काही तास लागतात, आणि चिकणमाती, जिचे कण 0.002 मिमीपेक्षा बारीक, ती दुसऱ्या दिवशीसुद्धा पाण्यात तरंगत असते. जिल्ह्याच्या पूर्वेकडची, अथणीकडची काळी माती आणली असेल तर आणखी वाट बघा. पाणी लवकर निवळावं म्हणून एकानं तुरटी फिरवली होती, त्यानं चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून पिंजलेल्या कापसासारखे बसले आणि थर उगीच जाड दिसला. त्यापेक्षा ढेकळं आधी नीट फोडा, चिमूटभर धुण्याची पावडर टाका, खूप हलवा, आणि बरणीला हात न लावता ठेवून द्या.

खानापूरची तांबडी आणि अथणीची काळी शेजारी शेजारी ठेवली की आणखी एक गोंधळ मिटतो. खानापूरकडं पाऊस धो धो, त्यानं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, म्हणून माती तांबडी आणि आम्लधर्मी. तिथं चुना. पूर्वेला अथणीकडं पाऊस कमी, उसाला पाटाचं पाणी भरपूर, पाणी उडून जातं आणि क्षार वरच राहतात, त्याला खारी माती म्हणतात, तिथं आधी निचरा करून क्षार धुऊन काढायचे. जिप्सम लागतो तो सोडियम जास्त झालेल्या चोपण मातीला. पोरं तिन्हीला एकच उपाय लिहितात.

तळ्यातले मासे का मेले, याचं उत्तरही असंच अर्धं असतं, "शेवाळ वाढलं म्हणून". खतं वाहून आली, शेवाळ वाढलं, मग ते मेलं, कुजवणाऱ्या जिवाणूंनी पाण्यातला ऑक्सिजन संपवला, म्हणून मासे गुदमरले, हे सगळं लिहा. आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, तो जास्त म्हणजे पाणी घाण, चांगलं नव्हे.

शेवटी माझीच एक चूक. पहिल्यांदा गांडूळखताचा डेमो केला तेव्हा गोठ्यातलं ताजं शेण भरून त्यात अर्धा किलो गांडुळं सोडली, दुसऱ्या दिवशी बरीच मेलेली, उरलेली बाहेर पळायला बघत होती. पोरांनी ढिगात हात घातला तर आत चांगलंच गरम. ताजं शेण दोन-तीन आठवडे थंड होऊ द्यायचं असतं हे मला माहीत होतं, घाई केली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एकजण, जो वर्गात तोंड उघडत नाही, म्हणाला, "सर, ही उष्णता त्या नव्वद टक्क्यांतलीच काय ओ?" शेण कुजवणाऱ्या जिवाणूंचं श्वसन चालू होतं. त्यातलीच होती.