सिम्स ४ रखडतोय? सीसीच्या फोल्डरमधल्या या चुका टाळा

सिम्स ४ या माणसांचं आयुष्य आणि घरं रचायच्या कॉम्प्युटर गेममध्ये गोव्यातलं घर बांधायला घेतलं की सीसीशिवाय, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या कस्टम कंटेंटशिवाय, पान हलत नाही. समोर बाल्कांव म्हणजे बसायचा ओटा, आत राजांगण म्हणजे मधलं अंगण, दारात तुळशीवृंदावन, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, आजीला नऊवारी. यातलं बहुतेक सामान मूळ गेममध्ये नाहीच. २०२१ मध्ये मुंबईच्या फॅशनवर बेतलेला ‘फॅशन स्ट्रीट’ किट आला, पण ते कपडे घालून चवथीला माटोळी बांधणारी काकी काही डोळ्यांसमोर येत नाही. त्यातच १८ ऑक्टोबर २०२२ पासून बेस गेम फुकट झाला. वाढीव सामानाचे पॅक विकत न घेता सगळी हौस सीसीवर भागवणारे आपल्याकडे कमी नाहीत. थोड्याच दिवसांत मॉड्सचा, म्हणजे गेममध्ये बाहेरून घातलेल्या फाइलींचा, फोल्डर फुगतो, गेम उघडेपर्यंत चहा पिऊन होतो आणि शिव्या मात्र लॅपटॉपला बसतात.

लॅपटॉप जुना असेल तर त्याचाही वाटा असतो, नाही असं नाही. पण सीसी किती आहे यापेक्षा आपल्या फोल्डरमध्ये नक्की काय आहे हे ठाऊक नसणं जास्त महागात पडतं. पुढचं सगळं पीसी आणि मॅकवाल्यांसाठी आहे. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर सीसी चालतच नाही.

नेमकं काय रखडतंय ते न बघताच फाइली उडवणं

ही सगळ्यात मोठी चूक, कारण इथे चुकलं की पुढची सगळी मेहनत वाया जाते. गेम तीन वेगवेगळ्या प्रकारे रखडतो आणि तिन्हींची कारणं वेगळी असतात.

पहिला प्रकार म्हणजे गेम उघडायला किंवा घर लोड व्हायला उशीर. इथे फाइलींची संख्या आणि हार्ड डिस्कचा वेग हे दोन संशयित. जुन्या फिरत्या डिस्कवरून एसएसडीवर गेलात तर फरक लगेच जाणवतो. क्रिएट अ सिममध्ये, म्हणजे सिम (गेममधलं पात्र) घडवायच्या पडद्यावर, केसांची किंवा कपड्यांची पाटी उघडताना चित्रं एकेक करून उमटत असतील तर तोही याच घरातला आजार.

दुसरा प्रकार, कॅमेरा फिरवताना चित्र झटके खातं. हा भार ग्राफिक्सवर आहे. जड केस, जड फर्निचर, मोठी टेक्स्चर्स (वस्तूंवर चढवलेली चित्रं), वर चढवून ठेवलेल्या सेटिंग्ज.

तिसरा प्रकार सगळ्यात चिडवणारा. चित्र लोण्यासारखं सरकतंय, घड्याळही चालू आहे, पण सिमला जेवायला सांगितलं तर तो गेममधला तासभर तिथेच उभा. याला सिम्युलेशन लॅग म्हणतात. इथे केसांच्या फाइली उडवून काहीही होत नाही. गेमला एका वेळी किती माणसांचा हिशेब ठेवावा लागतोय आणि कुठला मॉड त्या हिशेबात लुडबुडतोय, ते शोधावं लागतं.

दुसरा की तिसरा हे ओळखायला सोपी युक्ती आहे. कंट्रोल (मॅकवर कमांड), शिफ्ट आणि सी एकत्र दाबून चीटची चौकट उघडा आणि इंग्रजीत ‘एफपीएस ऑन’ टाइप करा. पडद्यावर फ्रेमचा आकडा दिसू लागतो. आकडा चांगला आणि तरी सिम ठोंब्यासारखा उभा असेल तर दोष ग्राफिक्सचा नाही.

पॅच आला त्याच दिवशी खेळायला बसणं

प्रत्येक पॅचनंतर, म्हणजे अपडेटनंतर, गेम सगळे मॉड्स आपणहून बंद करतो. ‘माझं सीसी गायब झालं’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात. गेम ऑप्शन्समध्ये ‘अदर’ या भागात जाऊन कस्टम कंटेंट आणि स्क्रिप्ट मॉड्स अशा दोन्ही चौकोनांवर खूण करा, ‘अप्लाय’ करा आणि गेम बंद करून परत उघडा. खूण केली पण गेम परत उघडला नाही, तर काही उपयोग नाही.

पण घाई करू नका. केस, कपडे, भांडीकुंडी हे सामान बहुतेक पॅच पचवून जातं. तुटतात ते स्क्रिप्ट मॉड्स, म्हणजे गेमच्या वागण्यात बदल करणारे कोडचे मॉड्स. एमसी कमांड सेंटरसारखा मोठा मॉड किंवा गेमच्या मेनूत बदल करणारे मॉड्स जवळजवळ दर मोठ्या पॅचला नव्याने घ्यावे लागतात. १४ मार्च २०२३ ला तान्ह्या बाळांचा पॅच आला तेव्हा असंख्य मॉड्स एका रात्रीत निकामी झाले होते. म्हणून पॅचच्या दिवशी मॉड्सचा फोल्डर उचलून डेस्कटॉपवर ठेवा, मॉड बनवणाऱ्यांचे अपडेट येऊ द्या आणि मगच परत घाला. तोवर खेळायचंच असेल तर नवं सेव्ह करून खेळा. जुनं सेव्ह सीसीशिवाय उघडून वर सेव्ह केलंत, तर आजीची नऊवारी जाऊन तिच्या अंगावर गेमने निवडलेला कुठलातरी पोशाख येईल, आणि तो आपोआप परत बदलत नाही.

फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर

नीटनेटकेपणाच्या नादात लोक पायऱ्या वाढवत जातात. डॉक्युमेंट्समधल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या आत सिम्स ४, त्याच्या आत मॉड्स, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढचं थोड्यांना. पॅकेज फाइली, म्हणजे केस-कपडे-फर्निचर ज्यात येतं त्या फाइली, गेम मॉड्सच्या आत पाच पायऱ्यांपर्यंत वाचतो, पण टीएसफोरस्क्रिप्ट, म्हणजे स्क्रिप्ट मॉडची फाइल, फक्त एकाच पायरीपर्यंत. म्हणजे मॉड्समध्ये ‘स्क्रिप्ट’ नावाचा एक फोल्डर चालेल, त्याच्या आत मॉडच्या नावाचा आणखी एक केलात की मॉड मेला. गेम तसं सांगतही नाही.

झिप किंवा रार फाइल तशीच टाकली तरी चालत नाही, ती उलगडावी लागते. आणि उलगडताना मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अर्धवट उतरलेली फाइल निघाली तर ती ठेवू नका, परत उतरवा. रिसोर्स डॉट सीएफजी ही फाइल कचरा समजून काढू नका. चुकून काढलीत तर घाबरण्यासारखं काही नाही, गेम पुढच्या वेळी ती परत बनवतो.

फाइलींची नावं साधी इंग्रजी अक्षरांत ठेवा. ‘तुळस_नवीन_★’ असलं नाव बघायला गोड, पण विशेष चिन्हांमुळे मॉड अडकण्याचे प्रकार होतात.

रंग घेतला, कापड राहिलं

डोक्यावर केसांऐवजी प्रश्नचिन्ह, कपाट अदृश्य, खुर्चीच्या जागी नुसती सावली. असं दिसलं की बहुतेक वेळा मेश राहिलेला असतो. सीसी बनवणारे पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी साडीला नवे रंग चढवतात आणि फक्त रीकलर देतात. मूळ साडीची फाइल, म्हणजे मेश, तिच्या मूळ ठिकाणाहून वेगळी उतरवावी लागते. डाउनलोडच्या पानावर ‘मेश लागेल’ असं लिहिलेलं असतं, तेवढंच नेमकं वाचायचं राहून जातं.

उलटंही होतं. एकाच साडीचा मेश तीन निरनिराळ्या नावांनी तिघांकडून आलेला असतो. गेम तक्रार करत नाही, पण फोल्डर उगाच फुगतो.

शिंपल्याची खिडकी आणि पॉलीचा हिशेब

इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण ग्राफिक्सचा भार नेमका इथून येतो आणि लोक दोष देतात भलत्यालाच.

प्रत्येक वस्तू त्रिकोणांच्या जाळीची बनलेली असते. त्या त्रिकोणांना आपण पॉली म्हणतो. गेमचं स्वतःचं सामान या बाबतीत काटकसरी असतं. सीसी बनवणाऱ्यांवर तसं बंधन नाही. खिडकीच्या प्रत्येक शिंपल्याला वेगळी जाळी दिली, त्यावर कोरीव चौकट केली, आणि तुम्ही तशा खिडक्या चारी बाजूंनी ओळीने लावल्या, तर कॅमेरा राजांगणात शिरला की पंखा किंचाळायलाच हवा. केसांत हा फरक आणखी उघड दिसतो. ‘मॅक्सिस मॅच’ म्हणजे गेमच्या धाटणीचे केस हलके असतात. ‘अल्फा’ म्हणजे सुट्या बटा दाखवणारे केस बघायला सुंदर, पण बरेच जड. एका सिमला ठीक आहे. शेजारीपाजारी सगळ्यांना तेच लावून जत्रेला गर्दी केलीत, तर साधा लॅपटॉप मान टाकेल.

आणखी एक गोष्ट वरून दिसत नाही. कॅमेरा लांब गेला की गेम त्याच वस्तूची हलकी आवृत्ती दाखवतो. चांगला सीसी बनवणारा या हलक्या आवृत्त्या मन लावून करतो. आळशी बनवणारा सगळीकडे तीच जड जाळी चिकटवतो. मग समोरच्या घरातली दिसतही नसलेली समई गेमला पूर्ण तपशिलात रंगवावी लागते. सिम्स ४ स्टुडिओ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून ‘मेशेस’च्या भागात गेलात तर प्रत्येक आवृत्तीचे आकडे दिसतात. सगळ्या आवृत्त्यांना तोच आकडा असेल तर ती फाइल काढा, कितीही आवडती असली तरी. टेक्स्चरचंही तेच. लोट्याएवढ्या वस्तूला ४०९६ बाय ४०९६ चं चित्र दिलं असेल तर ते बनवणाऱ्याचं अज्ञान आहे, कौशल्य नव्हे.

आपण नेमकं काय वापरतो हे शोधायला ट्रे इम्पोर्टर हे सॉफ्टवेअर घ्या. कुटुंब किंवा घर आपल्या लायब्ररीत सेव्ह करा, ते ट्रे इम्पोर्टरमध्ये उघडा, आणि त्याला कुठलं सीसी लागलंय त्याची यादी मिळेल. यादीबाहेरचं सामान बघून आपल्यालाच नवल वाटतं.

सेटिंग्जमध्ये ‘अनकम्प्रेस्ड सिम टेक्स्चर्स’ बंद ठेवा, प्रतिबिंबांचा दर्जा खाली आणा. एवढ्यानेही साध्या मशीनवर श्वास घेता येतो. आणि मे महिन्यात गादीवर लॅपटॉप ठेवून खेळणाऱ्यांनी आधी तो टेबलावर घ्यावा. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत पंख्याच्या जाळीवर धूळ घट्ट बसते. ती साफ न करता मॉड्स काढत बसणं म्हणजे भलत्याच दारावर थापा मारणं.

दोषी मॉड अंदाजाने शोधणं

अंदाज चुकतात. अर्ध्या-अर्ध्याची पद्धत चुकत नाही. मॉड्सचा पूर्ण फोल्डर बाहेर ठेवून गेम चालवून बघा. तरीही बिघाड असेल तर दोष गेमचा आहे, ईए अ‍ॅपमधून गेम रिपेअर करा. बिघाड गेला तर अर्ध्या फाइली परत घाला. परत आला तर दोषी या अर्ध्यात, नाही तर त्या अर्ध्यात. असं अर्धं करत गेलं की हजार फाइलींतून दहाएक फेऱ्यांत एका फाइलीपर्यंत पोचता येतं. प्रत्येक फेरीआधी सिम्स ४ च्या फोल्डरमधली लोकलथम्बकॅश पॅकेज फाइल डिलीट करा, नाही तर गेम जुन्या आठवणींवर चालतो आणि आपली दिशाभूल होते. स्क्रिप्ट मॉडचा आणि त्याच्या जोडीच्या पॅकेजचा काडीमोड करू नका, दोन्ही एकाच बाजूला ठेवा.

गेममधल्या चुकांची नोंद असलेली ‘लास्ट एक्सेप्शन’ नावाची फाइल दिसली तर तीही उपयोगी आहे, फक्त ती वाचणं अवघड. बेटर एक्सेप्शन्स हा मॉड तिचा अर्थ लावून दोषी कोण असावा ते सुचवतो.

मग मर्ज. हजारो छोट्या फाइलींपेक्षा थोड्या मोठ्या फाइली गेम लवकर उघडतो, म्हणून सिम्स ४ स्टुडिओतून लोक सगळंच एकत्र करतात. सगळंच करू नका. केस केसांत, फर्निचर फर्निचरमध्ये, आणि तेही तपासून झाल्यावर. स्क्रिप्टच्या जोडीची पॅकेजेस आणि वरचेवर अपडेट होणारं काहीही मर्जमध्ये घालू नका. सुट्या मूळ फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा.

सिम नुसतेच उभे राहतात तेव्हा

एका लॉटवर, म्हणजे गेममधल्या एका जागेवर, मुळात जास्तीत जास्त २० सिम असतात. एमसी कमांड सेंटरने ही मर्यादा वाढवता येते. वाढवू नका. शिगम्याची मिरवणूक दाखवायची म्हणून वाढवलीच तर फोटो काढून झाल्यावर परत खाली आणा. जुन्या सेव्हमध्ये लोकसंख्या वाढत जाते, २०२१ च्या शेवटी आलेल्या ‘नेबरहूड स्टोरीज’ या सोयीमुळे शेजारच्या घरांत आपोआप मुलंही होऊ लागली. मॅनेज हाउसहोल्ड्समध्ये जाऊन अनोळखी कुटुंबं कमी करा. सिमच्या खिशात साठलेले बेडूक, दगड, शेकडो भाज्या विकून टाका. हे किरकोळ वाटतं, पण लांबलेल्या सेव्हमध्ये त्याचा भार पडतो.

मिळेल तिथून स्क्रिप्ट उतरवणं

पॅकेज फाइल फार तर गेम बिघडवेल. स्क्रिप्ट फाइल म्हणजे तुमच्या मशीनवर चालणारा कोड. २०२४ च्या सुरुवातीला नावाजलेल्या ठिकाणी चढवलेल्या काही सिम्स मॉड्समध्ये मालवेअर सापडलं होतं, त्यानंतर मॉडगार्ड हा राखणदार मॉड आला. तो घ्या. आणि केसांच्या डाउनलोडमधून टीएसफोरस्क्रिप्ट किंवा ईएक्सई निघाली तर ती उघडूच नका, केसांना तिची गरज नसते.

वनड्राइव्ह आणि गेलेली वीज

विंडोजने डॉक्युमेंट्स परस्पर वनड्राइव्हवर नेलं असेल तर मॉड्स आणि सेव्ह दोन्ही क्लाउडशी झोंबत बसतात. सिम्स ४ चा फोल्डर त्या सिंकमधून बाहेर काढा.

पावसाळ्यात सेव्ह चालू असतानाच वीज गेली, डेस्कटॉपला यूपीएस नव्हता, आणि आता सेव्ह उघडत नाही? सीसीला दोष देण्याआधी लोड गेमच्या पडद्यावर ते सेव्ह निवडून ‘रिकव्हर सेव्ह’ दाबा. गेम प्रत्येक सेव्हच्या मागच्या पाच प्रती स्वतःच ठेवतो. सेव्हजच्या फोल्डरमध्ये त्या ‘व्हर०’ ते ‘व्हर४’ या शेपटीने दिसतात, ‘व्हर०’ सगळ्यात ताजी. तिथून उघडलेला खेळ ‘सेव्ह अ‍ॅज’ने नव्या नावाने ठेवा. जुन्यावर लिहू नका.