पहिल्या ‘श्री’ची तयारी: शेवटच्या आठवड्यात पाणी तोडू नका

दोन-तीन वर्षं व्यायामशाळेत इमानदारीने काढली असतील तरच पुढे वाचा. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ‘श्री’ला, म्हणजे शरीरसौष्ठव स्पर्धेला, पहिल्यांदा उतरायचं तर बारा ते सोळा आठवडे हातात हवेत. वजनी गट, ट्रंकचा (स्टेजवर घालायच्या चड्डीचा) नियम आणि वजन कधी घेणार, हे आयोजकांना आधीच विचारून घ्या. खालच्या गटात बसायला ऐनवेळी चार किलो पाडायच्या भानगडीत पडू नका, जिथे भराल तिथे उतरा.

कटिंगमध्ये, म्हणजे चरबी उतरवायच्या काळात, आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरला की पुरे. प्रथिनं किलोमागे दोन ग्रॅमच्या आसपास ठेवा. बांगडा, तारली तेलकट. शेवटच्या महिन्यात कोळंबी, कोंबडी आणि अंड्याचं पांढरं बरं. उकड्या तांदळाचा भात सोडू नका, मोजून खा.

पोझिंग पहिल्या आठवड्यापासून, रोज. सातही सक्तीच्या पोझ आरशाकडे पाठ करून धरायला शिका, कारण स्टेजवर आरसा नसतो. दंड दाखवताना पाय सैल सोडणारे दर स्पर्धेत दिसतात.

आता शेवटचा आठवडा. मला सगळ्यात जड गेलेला टप्पा हाच, आणि फुकटचे सल्लेही इथेच जास्त. कातडीखालचं पाणी उतरून रेषा उठाव्यात म्हणून ‘बुधवारी मीठ बंद, शुक्रवारी पाणी बंद’ असं कोणी सांगितलं तर हसून मान डोलवा आणि घरी येऊन तांब्याभर पाणी प्या.

स्नायूचा जवळपास पाऊण भाग पाणीच असतो. भात वाढवून स्नायू भरायचे म्हणता, पण साठलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (भातातून स्नायूत साठते ती साखर) सुमारे तीन ग्रॅम पाणी लागतं. ते तोडलं तर भरणार कशाने? शरीर फक्त कातडीखालचं पाणी काढून देत नाही. रक्तातलं आणि स्नायूतलंही जातं. मग पंप (रक्त भरून स्नायू फुगणं) येत नाही, पोटरीत गोळे येतात आणि पोरगा शुक्रवारपेक्षा शनिवारी स्टेजवर बारीक दिसतो. मीठ तोडलं की तेच, वर शरीर उरलेलं मीठ धरून ठेवायला लागतं. आणि ज्याला तुम्ही कातडीखालचं ‘पाणी’ म्हणता ती बहुतेक वेळा चरबीच असते. ती आठवड्यात जात नाही.

त्यात आपली किनारपट्टी. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता वाहतो. सहाचा कार्यक्रम नऊला सुरू होतो आणि तुम्ही मंडपामागे प्लास्टिकच्या खुर्चीवर कोरडे पडून बसलेले! त्यामुळे पाणी रोजच्याइतकंच, शेवटच्या दोन तासांत घोट-घोट. मीठही रोजचंच, मात्र सुकट आणि लोणचं त्या आठवड्यात नको. शेवटचे दोन दिवस भात थोडा वाढवायचा असेल तर महिनाभर आधी एकदा करून बघा, पोट फुगतं का ते कळेल.

लघवीच्या गोळ्या कोणी हातावर ठेवल्या तर तिथून उठा. मोहम्मद बेनाझिझा हा व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू १९९२ मध्ये स्पर्धा संपल्यावर काही तासांत गेला. शरीर कोरडं पाडण्याचा तो परिणाम मानला जातो. उत्तेजकविरोधी नियमांतही या गोळ्या बंदच आहेत.

अंगाला लावायचा गडद रंग आदल्या रात्री दोन हात, पंख्याखाली वाळवून. वर सैल, गडद, पूर्ण बाह्यांचा सदरा. घाम आला तर टिपा, पुसलात की ओघळ पडलेच.

नंबर पुकारायच्या वीसेक मिनिटं आधी रबर बँडने खांदे, छाती, पाठ. पायांना पंप देऊ नका, मांडीच्या रेषा बुजतात. जवळ दोन केळी आणि चिक्की असू द्या.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी कोंबडी-वडे खुशाल खा. तिसऱ्या दिवशी मोजून भात पुन्हा सुरू करा, नाहीतर पाय सुजतात आणि आठवड्यात पाच-सहा किलो परत चढतात.