ड्रोसोफिलाचे (फळमाशीचे) नर-मादी वेगळे करायला बसण्याआधी

मायक्रोस्कोप, मऊ ब्रश, पांढरी टाइल, माश्या बेशुद्ध करायला ईथर, कापसाचे बोळे: हे सांगायला नको. ईथरजवळ स्पिरिटचा दिवा अजिबात नको. कूलर बंद करा, त्याच्या झोतात टाइलवरच्या माश्या कुठल्या कुठे जातात. मार्चनंतर नागपुरात माश्यांच्या बाटल्या टेबलावर राहू देऊ नका, २५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्येच ठेवा. सतत ३० अंशांच्या वर वाढलेले नर वांझ निघतात, आणि क्रॉस (ठरवून लावलेलं मीलन) का फसला ते शोधत बसावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. आधी पुढचे पाय बघा. मेलॅनोगास्टर या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जातीच्या नराच्या पुढच्या दोन्ही पायांवर, खाली पंजाच्या पहिल्या पेरावर, जाड काळ्या केसांची आखूड फणी असते. मादीला नसते. पुस्तकं पोटापासून सुरुवात करतात: नराचं टोक गोल आणि काळं, मादीचं निमुळतं, पट्टे सुटे. हे रंग पक्का झालेल्या माशीला लागू. कोषातून नुकत्याच निघालेल्या नराचं पोट फिकट आणि लांबट असतं, मादीचंच वाटतं. आणि व्हर्जिन, म्हणजे अजून मीलन न झालेल्या, माद्या निवडताना समोर नेमक्या अशाच माश्या असतात! गेल्या वेळी मी रंगावर गेले, एक फिकट नर माद्यांत गेला, अख्खी नळी वाया. म्हणून पाय. शंका आली की माशी उताणी करा, ब्रशच्या टोकाने पाय सरळ करा आणि फणी शोधा. आकारावर तर जाऊच नका, गर्दीत अर्धपोटी वाढलेली मादी नराएवढीच दिसते.

संत्र्याच्या सालींवर पकडलेल्या माश्या मेलॅनोगास्टरच असतील असं धरू नका. अ‍ॅनानासी या दुसऱ्या जातीच्या नराचं पोट तसं काळं होतच नाही. तिथेही पायच बघा.

व्हर्जिन माद्यांसाठी बाटली पूर्ण रिकामी करा, वेळ लिहा, नव्या निघालेल्या माद्या ८ तासांच्या आत उचला. पोटात आतून गडद ठिपका दिसला तर माशी अगदी ताजी.

ईथर जास्त झालं की पंख काटकोनात ताठ होतात, ती माशी गेली. माश्या जाग्या होईपर्यंत नळ्या आडव्या, नाहीतर खाद्याला चिकटतात. लेबल. माद्यांची नळी तीन-चार दिवस तशीच ठेवा. अंडी दिसली तर चालेल, ती मीलनाशिवायही घातली जातात. अळ्या दिसल्या तर कुणाचे तरी पाय बघायचे राहिलेत, ती नळी वापरू नका.