पावसाळ्यात अँटिबायोटिक कधी घ्यायचं, कसं घ्यायचं

जुलै लागला की मुंबईत घरोघरी कोणीतरी खोकत असतं आणि मेडिकलवर एकच डायलॉग, "दादा, अझीची तीन गोळ्यांची पट्टी द्या ना." गंमत बघा, साध्या सर्दीला ही अझिथ्रोमायसिनची अँटिबायोटिक गोळी बिनधास्त खाणारा माणूस दादरच्या हिंदमाताला साचलेल्या गुडघाभर पाण्यातून घरी आला की मात्र डॉक्टरकडे जायचा कंटाळा करतो. बरोब्बर उलटं पाहिजे.

आधी ताप कशाचा ते कळू द्या. सर्दी, फ्लू, डेंग्यू हे सगळे व्हायरस, त्यांच्यावर अँटिबायोटिक काही म्हणजे काही करत नाही, तीन दिवसांत बरं वाटलं तर ते तसंही वाटणारच होतं. मलेरियाची औषधं वेगळी, तपासणी पालिकेच्या दवाखान्यात फुकट होते. डॉक्टरने लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) सांगितलं असेल तर सॅम्पल पहिल्या गोळीच्या आधी द्या, नाहीतर जंतू असूनही रिपोर्टमध्ये सापडत नाही. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासा, मनाने लिव्होफ्लॉक्सासिन वगैरे अँटिबायोटिक घेऊ नका, त्याने टीबी थोडा दबतो आणि निदान लांबतं.

आता साचलेल्या पाण्याचं. त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, पायाला साधी चीर असली तरी लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू आत शिरतात. म्हणून घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरला दाखवा, ताप यायची वाट बघू नका. बहुतेकदा डॉक्सीसायक्लिन देतात, पण गरोदर बायकांना आणि लहान मुलांना वेगळं औषध लागतं, त्यामुळे शेजाऱ्याची गोळी अर्धी करून पोराला द्यायची नाही. ही गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्या, दुधाबरोबर नको, आणि लगेच आडवं पडू नका, अन्ननलिकेत अडकली तर छातीत जी आग होते ना, विचारू नका.

विकत घेताना पट्टीवर उभी लाल रेघ आहे का बघा, असेल तर चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. केमिस्ट पट्टी कापून देतो आणि एक्सपायरीचा तुकडा त्याच्याकडेच राहतो, म्हणून तारीख तिथेच बघून घ्या, बिल मागा (मागितल्यावर तोंड वाकडं करतात, करू देत).

मुलांचं पावडरवालं सिरप असेल तर उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घाला, दर वेळी हलवा, मापाच्या झाकणानेच द्या, कितीही उरलं तरी लेबलवरच्या मुदतीनंतर टाकून द्या.

डोस सांगितला तितके दिवस घ्यायचा, मध्येच थांबवावासा वाटला तर फोन करून विचारा. अंगावर पुरळ उठलं किंवा श्वास लागला तर मात्र गोळी बंद आणि थेट हॉस्पिटल, आणि त्या औषधाचं नाव मोबाईलमध्ये लिहून ठेवा, पुढच्या डॉक्टरला "ती पिवळी कॅप्सूल होती" सांगून काही कळत नाही.