गणपतीआधी डिझाईनचं काम शिकायला बसताय? एवढं पक्कं करा

सांगलीत गणपती जवळ आले की फ्लेक्स, एलईडी वॉल, स्टेटसचे फोटो सगळं एकदमच अंगावर येतं, म्हणून फोटोशॉप उघडायच्या आधी आठ दिवस नुसत्या ह्या गोष्टी करा. पहिलं म्हणजे पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके, मोजायला शिका. डीपीआय, म्हणजे छापताना इंचाला किती ठिपके, हा फाईलला चिकटवलेला आकडा आहे हो, खरा माल पिक्सेलच. ए४ कागदावर ३०० डीपीआयनं छापायचं तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल पाहिजेत, आणि व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो वाटेतच बारका होतो, तेव्हा कार्यकर्त्यांना आत्ताच सांगून ठेवा, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फ्लेक्स लांबून बघतात, तिथं ७२ डीपीआयवर पण भागतं.

मग एलईडी वॉल. ह्यात सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा थांबून समजून घ्या. ऑपरेटरला फोन करून पिच विचारा. पी४ म्हणजे एका पिक्सेलपासून दुसरा ४ मिलिमीटरवर, म्हणजे मीटरला २५० पिक्सेल, मग ३ मीटर बाय २ मीटरची अख्खी वॉल भरली ७५० बाय ५००! आपल्या मोबाईलपेक्षा कमी. तिथं फोरके, म्हणजे खूप जास्त पिक्सेलचा, व्हिडिओ देऊन काय उपयोग नाही, आणि देणगीदारांची बारीक अक्षरातली नावं तर वाचताच येत नाहीत. शिवाय ही वॉल ३:२ आणि व्हिडिओ १६:९, ताणून बसवला की बाप्पाचा चेहराच लांबट होतो, ते होऊ देऊ नका.

फोटोला जेपीईजी, लोगोला पीएनजी. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ चे तुकडे करून बारीक तपशील टाकून देतो, परत परत सेव्ह केलं की अजून जातो, तेव्हा मूळ फाईल वेगळी ठेवा. जेपीईजीत पारदर्शक भाग राहत नाही, म्हणून लोगो पीएनजीत. पहिल्या वर्षी माझ्या हातून मंडळाच्या लोगोमागं पांढरा चौकोन राहिला, पूर्ण मिरवणूकभर तो दिसला, मला अजून वाईट वाटतं. आयफोनच्या फोटोची एचईआयसी फाईल जुन्या कॉम्प्युटरवर उघडेलच असं नाही, आधी जेपीईजीत बदलून घ्या.

रंगाचं असंय की स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्या उजेडातून १,६७,७७,२१६ रंग करते पण छपाई शाईतून होते, म्हणून गुलालाचा तो झगझगीत गुलाबी कागदावर मळका येतो. एक छोटा तुकडा छापून बघा मगच पूर्ण ऑर्डर द्या. आणि वॉलवर व्हिडिओ आदल्या रात्रीच लावून बघा, लांब उभं राहून.