दारावरच्या वॉटरप्रूफिंगवाल्याला हो म्हणण्याआधी

बांधकामांवर देखरेख करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे नात्यात, ओळखीत कुणाचीही भिंत ओली झाली की फोन येतो : "ताई, ओल आलीय, कुठलं केमिकल लावू?" मी म्हणते, केमिकल राहू दे, पाणी कुठून येतंय ते आधी सांग. ते बहुतेकांना माहीत नसतं. आणि अशाच वेळी कुणीतरी फुकट तपासणी करून द्यायला दारात उभा राहतो. त्याच्याकडे विकायला एकच वस्तू असते, त्यामुळे कुठलीही ओल असली तरी तो उपाय तोच सांगतो.

म्हणून कारण आपणच शोधायचं. ते वाटतं तितकं अवघड नाही. ओल जमिनीपासून वर चढत साधारण मीटरभर उंचीवर थांबली असेल आणि वरच्या कडेला पांढरी पूड दिसत असेल, तर पाणी घराच्या पायातून भिंतीत चढतंय. पावसात वाढून उघडीप मिळताच सुकू लागणारी ओल बाहेरून येते : गच्ची, भिंतीतली भेग किंवा खिडकीच्या चौकटीची फट. बारा महिने सारखीच राहणारी ओल बहुतेक वेळा पाइपाची किंवा शेजारच्या न्हाणीची असते. कपाटामागे आणि कोपऱ्यात काळे ठिपके येत असतील, तर खोलीतलीच वाफ गार भिंतीवर बसत असते. तिथे खिडकी उघडी ठेवणं आणि कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढणं हाच मोठा उपाय.

शंका असेल तर अॅल्युमिनियम फॉइल घ्या. भिंतीचा ओला भाग फडक्याने पुसा, तळहाताएवढा तुकडा लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. एक-दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ओलावा हवेतला आहे. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीच्या आत आहे. पाइपावर संशय असेल तर घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन-तीन तास कुणी नळाला हात लावू नका. एवढं करूनही आकडा पुढे सरकला, तर प्लंबरला बोलवा. वॉटरप्रूफिंगवाल्याचं तिथे काही काम नाही.

आता त्या फुकट तपासणीबद्दल. तो एक छोटं यंत्र काढतो, त्याच्या दोन सुया भिंतीला टेकवतो, यंत्र पीं पीं करतं आणि घरातल्यांचे चेहरे उतरतात. घाबरू नका. ते यंत्र दोन सुयांमधून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतं. पाण्यामुळे वीज वाहते, तशी भिंतीत साठलेल्या क्षारांमुळेही वाहते, गिलाव्याआडच्या धातूमुळेही वाहते. शिवाय यातली पुष्कळ यंत्रं लाकडासाठी जुळवलेली असतात, त्यामुळे विटांच्या भिंतीवर दिसलेला टक्क्यांचा आकडा खरा धरता येत नाही. त्याला सांगा, "आतल्या कोरड्या भिंतीवरही लावून दाखवा, त्याच उंचीवर." दोन्हीकडे सारखंच वाजलं, तर त्या आवाजावरून काही ठरवू नका.

"शेजारी काम चालू आहे, माल उरलाय, आजच्या आज घेतलंत तर निम्म्यात करतो," हे ऐकलं की दार लावून घ्या. ओल आजची नसते, उद्याही तिथेच असणार. गच्चीवर एकट्याला सोडू नका. वर जायचंच असेल तर तुम्ही सोबत जा, नाहीतर फोटो मागा आणि ते आपल्याच गच्चीचे आहेत ना ते ताडून बघा. फोनवर विचारणाऱ्याला घर किती जुनं, किती मोठं, दिवसा घरी कोण असतं, यातलं काहीही सांगायचं नाही. मी एकच वाक्य वापरते : "आम्ही दारावर आणि फोनवर काम ठरवत नाही, लेखी द्या." घरातल्या आजी-आजोबांनाही हे वाक्य शिकवून ठेवा. ती भली माणसं, समोरच्याला नाही म्हणायला त्यांना संकोच वाटतो, आणि तो संकोच विकणाऱ्याला बरोबर कळतो.

लेखी म्हणजे नुसती रक्कम नव्हे. मालाचं पूर्ण नाव, किती चौरस मीटर, किती थर, आधीचा सुटलेला गिलावा काढणार का, आणि हमी मालाची की कामाचीही, हे सगळं त्यात हवं. मग हिशेब करा. बादलीवर "दोन थर मिळून एका लिटरला १ चौरस मीटर" असं छापलंय आणि तुमची गच्ची ६० चौरस मीटर आहे, तर ६० लिटर माल लागणार, म्हणजे २० लिटरच्या तीन बादल्या. काम संपल्यावर रिकामी बादली एकच दिसली, तर थर किती पातळ बसला ते सांगायला नको. बादल्या तुमच्यासमोर उघडल्या जाव्यात आणि रिकाम्या झालेल्या काम संपेपर्यंत तिथेच राहाव्यात.

आतून रंग किंवा लेप लावून ओल झाकण्याला माझा ठाम विरोध आहे. पाणी मागे तसंच राहतं, त्यातले क्षार पृष्ठभागाशी येऊन सुकतात, स्फटिक होताना फुगतात आणि नवा रंग ढकलून पोपडे काढतात. आधी पाण्याची वाट बंद करायची, भिंत पूर्ण सुकू द्यायची, रंग त्यानंतर.

साहित्याचे बाकीचे प्रश्न सोपे आहेत. जिप्समचा गिलावा न्हाणीत नको, तो पाण्याने मऊ पडतो. सिंकखाली एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, नको, कडेतून पाणी शिरलं की फुगतो. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी पिते, भिंतीची साधी सिरॅमिक टाइल १० टक्क्यांच्याही वर, म्हणून भिंतीची टाइल खाली जमिनीवर बसवू नका. न्हाणीच्या फरशीला खोक्यावरचा आर आकडा बघा : आर ९ ते आर १३ असतो, जितका मोठा तितकी पकड चांगली. सगळी खोकी एकाच बॅचची घ्या आणि दहा टक्के जास्त घ्या. सिमेंटच्या पोत्यावरचा महिना वाचा. तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल किंवा हाताला गाठी लागत असतील तर परत पाठवा. आणि सिमेंटच्या नव्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारून घ्या, गवंडी कितीही म्हणाला की दोन दिवस पुरे.

एका बाबतीत मात्र स्वतः ठरवू नका. भिंत पाडायची असेल तर ती भार घेणारी आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच लेखी घ्यायचं. तसंच जुना सिमेंटचा पत्रा कापायचा किंवा भोकं पाडायची झाली तर आधी थांबा, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि शेवटचा हप्ता चाचणीनंतरच. न्हाणीचं वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवण्याआधी ट्रॅप, म्हणजे पाणी खाली जायचं तोंड, बंद करा, पाणी भरा आणि ४८ तास तसंच ठेवा. पाण्याच्या पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलीने करा. रोज खालच्या छताला आणि शेजारच्या भिंतीला हात लावून बघा, विशेषतः पाइप जिथून खाली उतरतात तिथे. भिंत आणि जमीन मिळते तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, नीट भरलेला नसेल, तर पाणी बहुधा तिथूनच वाट काढतं. छत कोरडं राहिलं तर ट्रॅप उघडा आणि फरशीवाल्याला बोलवा. ओलसर लागलं तर लेप पुन्हा, वॉटरप्रूफिंगवाल्याच्याच खर्चाने, आणि पाणी पुन्हा ४८ तास.